खाचेवरची सेलोटेप

"लाव," म्हणत आईने साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली कॅसेट माझ्या हातात दिली. बत्तीस वर्षं मी तिला टेपरेकॉर्डर बिघडलाय म्हणून सांगत होतो. आज तीच चिपळूणला जाऊन तो दुरुस्त करून घेऊन आली होती.

बाबांनी मस्कतहून पाठवलेली ती शेवटची कॅसेट. आईला वाचता येत नसे, म्हणून ते पत्राऐवजी बोलून पाठवायचे. ते तिकडेच वारले, तेव्हा मामाने कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडून टाकला. "आता हिच्यावर दुसरं काही भरता येणार नाही," म्हणाला. पण त्या खाचेवर सेलोटेप चिकटवली की भरता येतं, हे आमच्या सातवीच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. मला रेडिओवरची गाणी हवी होती.

ती सेलोटेप अजून तिथेच होती, पिवळी पडलेली. मी बटण दाबलं. एक गाणं झालं, दुसरं झालं, मग तिसरं. आई मान खाली घालून ऐकत राहिली. अगदी शेवटी एक गाणं मध्येच तुटलं आणि बाबा बोलले, "...तर मापं टेपने नीट घे, अंदाजाने नको. बरं, कॅसेट संपत आली. ठेवतो."

खटकन बटण वर आलं.

आई माझ्याजवळ सरकली.

"मापं कुणाची रे? मी विसरले बघ," ती म्हणाली. "त्याच्या आधीचं लाव ना."