खिळ्यांची भिंत

"प्रशिक्षणाची फाइल?" मोठ्या कंपनीच्या तपासनीस बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

मालक उगाचच कपाट चाचपू लागले. श्रवणयंत्र कानात नीट बसावं म्हणून मऊ साचे बनवणारी ती पाच माणसांची खोली. बाईंनी होकार दिला तर वर्षभराचं काम, नाहीतर दाराला कुलूप. आणि फाइल तर नव्हतीच.

"फाइल नाही, भिंत आहे," टेलरकाकू बोलून गेल्या. चार महिन्यांपूर्वीपर्यंत त्या कपडे शिवत होत्या. खोलीत सगळ्यांत नव्या त्याच. मालकांनी डोळे वटारले, पण काकूंची गाडी सुटली होती.

भिंतीवर रांगेनं खिळे. प्रत्येकावर एक बिघडलेला साचा आणि चिठ्ठी: काय चुकलं, कशामुळे, कोणाचं.

"नवीन माणसानं आधी आठवडाभर ही भिंत वाचायची. मग हत्याराला हात!"

"हं," म्हणत बाईंनी टेबलावरचा तयार साचा उचलला, न्याहाळला आणि सवयीनं निळ्या मार्करनं त्यावर बरोबरची खूण ठोकली. "हा पास."



"अहो, गेला की तो!" काकू ओरडल्या. "यात शाई मुरते, घासून निघत नाही. आता कोण घालणार कानात?"

मालकांनी कपाळाला हात लावला. काकू मात्र तरातरा भिंतीपाशी गेल्या आणि वरच्या रांगेतला एक साचा काढून आणला. पिवळा पडलेला, पण निळी खूण जशीच्या तशी.

"हे बघा! हीच चूक, बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी इथे नव्हते, पण मला पाठ आहे!"

बाईंनी चिठ्ठी वाचली. खाली मालकांचं नाव होतं. मालक ओशाळले.

"आमच्याकडे चारशे माणसं आहेत," बाई सावकाश म्हणाल्या. "सगळ्यांच्या फायलीत सर्टिफिकेटं. चुका मात्र कोणाच्याच नाहीत." मग एकदम हसल्या. "काम तुम्हालाच देते. पण दर महिन्याला आमची दोन माणसं इथे पाठवली तर चालतील?"

"चालतील की!" काकूंनी कोरी चिठ्ठी पुढे केली. "पण आधी हे. ज्याचं त्यानंच लिहायचं असतं."

बाईंनी नाव लिहिलं. 'कशामुळे'पाशी जरा थांबल्या, मग लिहिलं: 'विचारलं नाही.' आणि चवड्यांवर उभ्या राहून रिकामा खिळा शोधू लागल्या.