हिरवं बटण

चौसाळ्याच्या वाचनालयाची वेबसाइट नुसती रंगवून घ्यायची की मुळापासून नवी करायची, यावर कमिटीचा काथ्याकूट चालला होता. "रंग वाट्टेल तो द्या," ग्रंथपाल गंगासागरबाई म्हणाल्या, "पण अभ्यासिकेतली जागा धरायचं हिरवं बटण आहे तिथंच राहू द्या."

अध्यक्ष शंकरप्पा उखडले. "त्या बटणानंच तर घोळ केलाय! खिडकीजवळची जागा कुणीतरी रोज सकाळी धरतंय अन् इकडं फिरकतबी न्हाई. बाकीची पोरं उभ्यानं वाचायलीत. समदं नवं करा." बाईंना कारण माहीत होतं, पण ते चारचौघांत सांगायला त्यांची जीभ रेटली नाही.

नवी वेबसाइट सुरू झाली त्या सकाळी मेंढरं रस्त्यावरच सोडून बंकट वाचनालयाच्या पायरीवर आला. मोबाइल पुढे करत म्हणाला, "बाई, माझ्या सोमेश्वरनं दावल्यालं हिरवं बटण कुठंच न्हाई. मला कुठं वाचता येतंय? पोराची जागा दुसऱ्या कुणी घेतली म्हंजी?"

सोमेश्वरच्या दहाव्याला बाई स्वतः जाऊन आल्या होत्या. त्यांनी बंकटचं बोट धरलं आणि नव्या बटणावर टेकवलं. 'ही जागा उपलब्ध नाही,' पडद्यावर उमटलं.

"धरली का, बाई?"

"धरली," बाई म्हणाल्या, आणि खिडकीजवळ पुस्तकं मांडून बसलेली पोरगी त्याला दिसू नये म्हणून दारात आडव्या उभ्या राहिल्या.