लॉक झालेलं खातं

“पुन्हा लॉक!” चष्मिस ऑपरेटर म्हणाला.

शेजारी बसलेल्या इंजिनिअर बाईने कपाळाला हात लावला. रक्तपेढीचा सर्व्हर कालपासून रुसून बसला होता. विंडोजचं अपडेट झालं आणि रुग्णांच्या जुन्या नोंदी उघडणाऱ्या सर्व्हिसमध्ये साठवलेला पासवर्डच पुसला गेला. त्या सर्व्हिसच्या खात्याला नवा पासवर्ड देणं सोपं होतं, पण जुन्या नोंदी जुन्याच पासवर्डने उघडत होत्या; तो बदलला तर त्या कायमच्या कुलपात गेल्या असत्या.

वर ऑपरेशन थिएटरबाहेर बाळंतपणात अडलेली एक बाई ताटकळत होती. मागच्या खेपेला तिला कुठलं रक्त सोसलं नव्हतं, ते त्या नोंदींतच होतं.

पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक होता. हे सगळं उभं करणाऱ्या, इंजिनिअर बाईच्या वडिलांना.

काल घरी तिने त्यांचा हात हातात घेऊन विचारलं होतं, “बाबा, रक्तपेढीचा सर्व्हर बंद पडलाय. पासवर्ड आठवतो का?”

“आपण कोण?” त्यांनी अदबीने विचारलं होतं.

गेलं वर्षभर ते तिला हेच विचारत होते. तिला भडभडून आलं. विषय तिथेच संपला.

आणि आज हा चोर! कोणीतरी बाहेरून त्याच खात्यात शिरू बघत होतं. पासवर्ड चुकत होता, खातं लॉक होत होतं. लॉक सुटलं की स्वारी पुन्हा हजर.

“एखादा प्रोग्रॅम लावून दिला असेल कुणीतरी,” चष्मिस म्हणाला.

“प्रोग्रॅम असा रेंगाळत नाही. हा मधेच थांबतोय बघ. आठवून आठवून टाइप करतोय.”

तिला भीती वाटत होती आणि त्या चिकाटीचं नवलही.

साहेब दारातून डोकावले. “बाहेरची लाइन तोडा आणि पासवर्ड बदला. नोंदी गेल्या तर गेल्या.”

“साहेब, पण त्या बाईचं काय?”

“दुसरा काही उपाय आहे?”

नव्हता. ती उठली. तिने केबलला हात घातला.

“थांबा, थांबा!” चष्मिस ओरडला.

तो चोर आत शिरला होता. त्याने सर्व्हिसला पासवर्ड दिला, ती सुरू केली आणि आला तसा निघून गेला. कशाला म्हणून हात लावला नाही. नोंदी भराभर उघडू लागल्या. पाठोपाठ वरून फोन आला. त्या अडलेल्या बाईची नोंद सापडली होती, तिला आत घेत होते.

दोघं स्क्रीनकडे बघतच राहिले.

“हा चोर म्हणायचा की देव?” चष्मिस पुटपुटला.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. आईचा फोन होता.

“अगं, बाबा सकाळपासून ऑफिसचा तो जुना लॅपटॉप घेऊन बसले होते. जेवायलासुद्धा उठेनात. आणि आत्ता मला म्हणाले, ‘लेकीला सांग, सर्व्हर चालू झाला.’”