रिकामा रकाना

डोरेथा बिग्ज यांचं पत्र पाच महिने सबनीसांच्या कोटाच्या खिशात होतं. चार ओळींचं पत्र. ‘तुमच्या नकाशात आमच्या कोपऱ्यावर शून्य आहे. एकदा सकाळी येऊन उभे राहा.’

उत्तराचे सात मसुदे त्यांनी फाडले होते. प्रत्येकात कुठेतरी आपलंच बरोबर असल्याचा वास येत होता, आणि आपलं बरोबर आहे असं सबनीसांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

नकाशा मात्र त्यांचाच होता. निवृत्तीनंतर आपल्या अमेरिकेतल्या गावाच्या रस्ते-समितीसाठी हौसेने केलेला. ज्या कोपऱ्यावर अपघात जास्त, तिथे रस्ता ओलांडायचा दिवा आधी. वस्ती गोऱ्यांची की काळ्यांची, कुणाची ओळख कुठवर, प्रश्नच नको. डोरेथाबाईंच्या कोपऱ्यापुढे पोलिसांच्या नोंदीतला रकाना रिकामा होता. सबनीसांनी त्यात शून्य भरलं होतं. यादी सोमवारी मंजूर व्हायची होती.

आज शुक्रवार. सकाळचे साडेसहा. चार पदरी रस्त्याच्या कडेला, ओकच्या झाडामागे सबनीस वही घेऊन उभे होते. गाडीची काच खाली करून शरयूताई म्हणाल्या, “अहो, उभं राहायचं तर नीट उभे राहा. चोरासारखं झाडामागे काय?”

“लोक बघतात.”

“बघू देत. तुम्हीही लोकांनाच बघायला आलात ना?”

पलीकडे कोंबडीच्या मांसाच्या कारखान्याची पांढरी बस कामगारांसाठी थांबली होती. अलीकडच्या घरांतून माणसं निघत आणि गाड्यांमधली फट साधून पळत. चाळीस मिनिटांत सबनीसांनी वहीत सात रेघा ओढल्या. सातही जण थोडक्यात वाचलेले.

आठवा सायकल ढकलत निघाला.

करड्या पिकअपने त्याला सायकलसकट उडवलं. हाड मोडल्याचा आवाज झाडापर्यंत आला. पिकअप थांबली. ड्रायव्हर उतरला, त्याने आधी आपल्या फुटलेल्या दिव्यावरून बोट फिरवलं. मग पडलेल्या माणसाच्या बरगडीत लाथ घातली. “माझा दिवा फोडलास!” दुसरी लाथ पोटात. तिसरी तोंडावर.

सबनीस झाडामागून निघाले. धावले नाहीत. पिकअपच्या मागे रस्त्यात येऊन त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “एक्सक्यूज मी.”

ड्रायव्हरने वर पाहिलं, हसला, गाडीत चढला आणि रिव्हर्स टाकला.

मागचा बंपर त्यांच्या कमरेवर बसला. सबनीस कठड्यावर आदळले. मनगट नको त्या बाजूला वळलं, तोंड रक्ताने भरलं. पिकअप सायकल चिरडून निघून गेली.

बसमधले चौघे धावत आले. त्यांनी सायकलवाल्याला काखेत धरून उभं केलं. त्याचा एक डोळा मिटला होता, उजवा हात नुसता लोंबत होता. जाता जाता तो सबनीसांकडे वळला. “नो पोलिस. प्लीज, सर. नो पोलिस.” बसचं दार बंद झालं. बस गेली.

शरयूताई फोनवर ओरडत धावत येत होत्या. तेवढ्यात समोरच्या घराचं दार उघडलं. एक वयस्क काळी बाई बादली घेऊन बाहेर आली. बादली आधीच भरलेली होती. तिने सायकलवाल्याच्या रक्तावर पाणी ओतलं आणि लांब दांड्याच्या झाडूने ते गटाराकडे लोटलं. हात सरावाचे होते.

“साडेसातला शाळेची बस येते,” ती म्हणाली. “पोरांनी बघू नये. जानेवारीपासून हा नववा. कागदपत्रं नाहीत, म्हणून पोलिसांत कुणी जात नाही.” मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “शून्यवाले तुम्हीच का?”

सबनीसांनी मान हलवली.

“तुम्ही दहावे,” डोरेथाबाई म्हणाल्या.

पोलिसांची गाडी आली. तरुण अधिकारी वाकून म्हणाला, “यू ओके, सर?”

या प्रश्नाचं सबनीसांचं उत्तर पन्नास वर्षं ठरलेलं होतं. आय ॲम फाइन, सॉरी फॉर द ट्रबल. छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा शुद्धीवर येताच नर्सलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. शरयूताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

सबनीसांनी तुटलेला दात तळहातावर थुंकला.

“नाही. मला गाडीने उडवलं. इथे. लिहा.”

“आणखी कुणाला लागलं?”

सबनीसांनी ओल्या रस्त्याकडे पाहिलं. तिथे काहीच उरलं नव्हतं.

“ते मी सांगू शकत नाही. माझं लिहा.”

डोरेथाबाईंची बादली सबनीसांच्या गुडघ्याशी, त्यांच्या रक्ताच्या थारोळ्याशी आली होती. सबनीसांनी चांगला हात तिच्या काठावर ठेवला.

“हे धुऊ नका. माझं राहू द्या. त्यांना फोटो काढू द्या.”

बाईंनी बादली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्लास्टरमधला उजवा हात गळ्यात अडकवून सबनीस टेबलाशी बसले आणि डाव्या हाताने लिहू लागले. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी आली. ‘आदरणीय बिग्जबाई, उत्तराला उशीर झाला. शून्य नव्हतं. दहा होते. कागदावर एक आला आहे, नोंदीची प्रत सोबत जोडतो. यादी थांबवायला समितीला कळवलं आहे. उरलेल्या नऊंसाठी शुक्रवारी येतो.’

“पुन्हा वाचून बघायचंय?” शरयूताईंनी विचारलं.

“नको. वाचलं तर फाडीन.”

कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीत त्यांनी पाकीट टाकलं. दोन पावलं गेले, परत आले, आणि डाव्या हाताने झाकण पुन्हा उघडून आत पाहिलं. पाकीट पेटीत खाली पडलं होतं.