श्रीरंगाचा पाकपराक्रम

श्रीरंगाने डबाबंद अननस काचेच्या भांड्यात ओतला, त्यावर केकचे तयार पीठ भुरभुरले, लोण्याचे तुकडे मांडले आणि गड सर केल्याच्या थाटात ओव्हनचे दार लावले. ढवळणे नाही, फेटणे नाही. तरी एवढ्या पुरुषार्थासाठी बायकोकडून चमचा, कात्री आणि घाम पुसायला पंचासुद्धा त्याने उभ्याउभ्या मागून घेतला.

बायकोची, हेमांगीची, उद्या गायनाची परीक्षा होती. "घरच्या जेवणाचं काय?" असे विचारून सासूबाई आठवडाभर तिची वाट अडवून बसल्या होत्या.

केक निघाला. तळाशी पाणी, वर कोरडे पीठ. सासूबाईंनी मात्र डोळे मिटून घास घोळवला. "अन्नपूर्णा प्रसन्न आहे गं माझ्या लेकाला! पंधरा वर्षांत तुला जमलं का असं काही?"

"माझा वकूब तो किती, आई!" हेमांगी अदबीने म्हणाली. "म्हणून उद्या दोन्ही वेळचा स्वयंपाक यांच्याकडेच. मी परीक्षेला जाऊन येते."

श्रीरंगाने आशेने आईकडे पाहिले. आईने मान खाली घालून, नको असलेला दुसरा तुकडा निमूटपणे वाढून घेतला.