शेवटच्या पानातली भेळ

भेळवाल्या गेनूतात्यांची रीतच होती, रद्दीतलं पुस्तक आधी वाचायचं, वाचलेलं पान फाडायचं, मगच त्यात भेळ बांधायची. या खेपेला गाठ पडली हरवलेल्या बहिणीला शोधणाऱ्या भावाच्या रहस्यकथेशी. रक्त, कुऱ्हाड, पडकी विहीर! तात्यांना घास गिळवेना. आणि नेमकं शेवटचं पान तात्यांनी वाचायच्या आधीच बायकोनं त्यात भेळ बांधून गिऱ्हाइकाला दिली.

"अगं, पोरगी जिती हाय का मेली, कसं कळायचं आता?"

"मग पळा की! ती बघा, पिवळ्या छत्रीवाली."

तात्यांनी धापा टाकत बाईंना गाठलं. पण पान बघायची हिंमत होईना. "तुमीच वाचा, बाई!"

बाईंनी पानावरची चटणी पुसली. "'दादा, किती उशीर केलास,' असं म्हणून ती त्याच्या गळ्यात पडली."

तात्यांनी तिथूनच गाड्याकडं आरोळी ठोकली, "सापडली गं! जिती हाय!"

गाड्यावरच्या गिऱ्हाइकांनी टाळ्या पिटल्या, कुणाची पोरगी ते न विचारताच.