ऑपरेशन फायनलनंतर

"फायनल होईपर्यंत मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही," थोरला म्हणाला आणि त्याने भरलेला चहाचा कप बाजूला सारला.

आई भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"तुझा भाऊ मशीनवर जगतोय. आठवड्यातून तीनदा."

"माहितीये. पाच आठवड्यांचा तर प्रश्न आहे. आपली फुटबॉल टीम बारा वर्षांनी प्लेऑफमध्ये आलीय."

थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. धाकटा शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं निकामी होईपर्यंत शिकवायचा. आईला मधुमेह, बहिणीचा आणि भावजयीचा, म्हणजे धाकट्याच्या बायकोचा, रक्तगट वेगळा. थोरल्याचा तेवढा जुळला. मूत्रपिंड द्यायला तो आपणहून पुढे आला होता आणि तपासण्यांसाठी महिनाभर खेटे घातले होते. शेवटचे कागद आणायला सोमवारी एकटाच गेला, तो हे खूळ डोक्यात घेऊन परतला. वाटेत स्टेडियम लागतं.

दुसरा कुणी असं बोलला असता तर थट्टा वाटली असती. थोरल्याचं मात्र सगळ्यांना लगेच खरं वाटलं. सेमीफायनलपायी हा माणूस सख्ख्या बहिणीच्या लग्नातून पळाला होता. घरच्यांच्या फोटोत त्याच्या जागी शेजारचे काका उभे आहेत.

भावजय डॉक्टरांना भेटली.

"दात्याबद्दल आम्ही घरच्यांशी बोलत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांनाच विचारा."

बोलताना ते टेबलावरची पेनं उगाच सरळ करत होते. परक्या माणसालाही लाज वाटतेय, तिच्या मनात आलं. तिने दिराला विचारलं नाही. त्याच्याशी बोलणंच सोडून दिलं.

प्लेऑफ सुरू झाले आणि थोरल्याला चेव चढला. दाढी वाढली. पहिली मॅच जिंकली त्या दिवशी बुटांचे बंद सुटलेले होते, म्हणून ते पुन्हा बांधायचे नाहीत. गावभर फटक फटक करत चालायचा. वर, कप मिळेपर्यंत मीठ सोडलं.

"चेंडूसाठी मीठ सोडलंस," आई म्हणाली. "भावासाठी काय सोडलंस रे?"

थोरला अळणी घास चावत राहिला. आईने त्या दिवसापासून त्याला वाढणं बंद केलं. तो आपलं आपण वाढून घेऊ लागला.

राग नव्हता तो फक्त धाकट्याला. तो मशीनला जोडलेला असताना थोरला शेजारच्या स्टुलावर बसायचा आणि दोघं लहानपणीसारखे टीमवर तोंडसुख घ्यायचे. हा गोलकीपर म्हणजे नुसतं बुजगावणं, तो कॅप्टन म्हणजे बोलाचीच कढी.

"दादाला फायनल न बघता भूल तरी चढेल का?" धाकटा नर्सला सांगायचा. "रविवारी फायनल, सोमवारी आम्ही दोघं आत. ठरलंय आमचं."

नर्स थोरल्याकडे बघायची. थोरला खिडकीकडे.

पण तारीख ठरली की माणूस दम धरतो, हे खरं. धाकट्याच्या अंगात पुन्हा हुशारी आली. पुढच्या वर्षासाठी त्याने नवे नकाशे मागवले. मुलांची नदीकाठची सहल आखली. बायकोला म्हणाला, "मला पोहायला शिकायचंय." इतक्या वर्षांत हे कधी बोलला नव्हता. ती न्हाणीघरात जाऊन रडली, आणि दिराला तिने मनातल्या मनात लाखोली वाहिली.

सेमीफायनल टीमने शूटआउटवर जिंकली. घरात एकट्या धाकट्याने टाळ्या वाजवल्या.

फायनलच्या दिवशी सकाळीच त्याला धाप लागली. हॉस्पिटलात नेलं. दुपारी थोरला खाटेपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी जात नाही."

"वेडा आहेस का?" धाकट्याने मास्क बाजूला केला. "तुझी सीट रिकामी राहिली तर हरू आपण. आणि हरलो तर तू म्हणशील, पुढच्या वर्षी बघू. जा तू. बंद बांधू नकोस फक्त."

थोरल्याने त्याच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ. मग तो गेला. आई त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

टीम दोन-एकने जिंकली. रस्ते माणसांनी तुंबले होते, भोंगे वाजत होते. त्या गर्दीतून वाट काढत थोरला हॉस्पिटलात पोचला. आई बाकावर बसली होती. दाराशी भावजय. तिच्या हातात नवऱ्याचा मोबाइल होता.

"मॅच बघत होते," ती म्हणाली. "दुसरा गोल त्यांनी नाही पाहिला."

थोरला भिंतीला टेकला. आई उठून त्याच्यासमोर आली. ओरडली नाही.

"जिंकलात ना? जा, नाच जाऊन. तू मारलंस त्याला. मरेपर्यंत मला तोंड दाखवू नकोस."

थोरल्याने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला.

दोघी आत गेल्या. तो आत जाऊ लागला तशी भावजयीने दार ओढून घेतलं. तो तिथेच बाकावर बसला.

थोड्या वेळाने डायलिसिसची नर्स आली. त्याच्याशेजारी बसली. धाकट्याचा तिलाही लळा लागला होता, तिचे डोळे लाल होते. हातात थोरल्याचा रिपोर्ट होता.

"पाच आठवडे ओढलेत, आता आणखी थांबता येणार नाही," ती हलकेच म्हणाली. "उद्यापासून तुम्हालाही मशीनवर घ्यावं लागेल. सोबत घरचं कोण येणार?"